तिथे पाय नाही

एकच ठोका चुकला होता. बाकी सगळे बरोबर. जेवणाच्या सुट्टीत ती क्लिनिकच्या मागच्या जिन्यावर डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि फोनवर, ड्रम वाजवायच्या खेळाच्या साइटवर, ती ओळ दिसली तेव्हा घास तोंडातच राहिला. गाणं जिथे सुरू होतं तिथपासून संपतं तिथपर्यंत हिरव्या ठिपक्यांची रांग, आणि मध्याच्या जरा पुढे एक लाल ठिपका. वाजवणाऱ्याचं नाव पाहुणा. हे काही कोणी हौसेने घेतलेलं नाव नव्हे. नाव न सांगता जो खेळतो त्याला ती साइट आपणहून पाहुणा म्हणते. असे पाहुणे येतात, दोनदा धडपडतात आणि निघून जातात, त्यांचं कोणी मनावर घेत नाही. हा मात्र सकाळपासून पुन्हा पुन्हा आला होता, आणि दर वेळी सगळं बिनचूक वाजवून नेमका त्याच जागी चुकला होता. ज्या तुकड्यात भल्याभल्यांचे हात एकमेकांत अडकतात, तिथे त्याने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आणि जिथे कोणालाही जमावं, नुसती एकदा पायाने पट्टी दाबायची, तिथे हा गप्प. चुकणारा माणूस इतक्या इमानाने एकाच जागी चुकत नाही. काळजाचा ठोका चुकला असं आपण सहज म्हणून जातो. तिला त्या क्षणी छातीत खरंच एक जागा रिकामी गेल्यासारखं वाटलं. वरच्या खिडकीतून रिसेप्शनवालीने हाक मारली, "अहो, तुमचे दुपारचे पेशंट आजोबा आधीच येऊन बसलेत, आणि मी काय बोलते ते त्यांना कळत नाहीये." "कळत नाही म्हणूनच आलेत ना," ती म्हणाली, आणि अर्धा डबा तसाच बंद करून उठली.

तिचं काम कान तपासायचं. काचेच्या पलीकडे, भिंतींना गाद्या ठोकलेल्या छोट्या खोलीत माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. अलीकडे ती. ती एक सूर सोडते, तो ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं, मग तिच्यासमोर दिवा लागतो. सूर बारीक करत करत न्यायचा, दिवा लागेनासा झाला की तिथे त्या माणसाच्या ऐकण्याची हद्द. साधं काम आहे, पण वर्षानुवर्षं करून तिला एक कळलेलं होतं. ऐकू येत नाही म्हणून माणसं चुकतात ते कमीच. ऐकू यावं असं फार वाटतं म्हणून जास्त चुकतात. काचेमागे डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसतात, आणि सूर नसतानाच दाबतात. आजचे आजोबा तर बटणावरून अंगठा काढायलाच तयार नव्हते. "आजोबा, आवाज आला तरच दाबा." "आला ना!" "मी सोडलाच नव्हता." "मग दुसऱ्या कोणी सोडला असेल," आजोबा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन पुन्हा दाबलं. एरवी ती हसली असती. आज तिला एकदम आपलाच अंगठा तिथे दिसला. ते गाणं खेळासाठी उतरवताना त्या जागी पाय आहे असं आपण ऐकलं होतं, की असावा असं आपल्याला वाटलं होतं? दिवा लागून विझला आणि ती पुढचा सूर सोडायचं विसरली. आजोबांनी तरीही बटण दाबलं.

तो खेळ तिच्या घरात आला तो एका सहकारिणीने घर बदलताना अडगळ काढली म्हणून. प्लास्टिकच्या चार रंगीत थाळ्या, दोन काठ्या, पायाखाली दाबायची एक पट्टी. टीव्हीवर एक रस्ता समोरून आपल्याकडे येत राहतो आणि त्यावरून रंगीत चौकोन घसरत येतात. लाल आला की लाल थाळीवर काठी, पिवळा आला की पिवळ्या, आणि रस्त्याच्या रुंदीभर आडवा नारिंगी पट्टा आला की पाय. वाजवण्यात तिला काही गती नव्हती. हात एक वेळ ऐकायचे, पाय ऐकेल तर शपथ. पण तिच्या लवकरच लक्षात आलं की कंपनीने दिलेली गाणी मोजकीच, बाकीची सगळी हौशी लोक घरी बसून तयार करतात आणि साइटवर चढवतात. एखादं गाणं घ्यायचं, हळू करून ऐकायचं, त्यातला ड्रमवाल्याचा एकेक ठोका पकडून रेघांवर त्याच्या जागी ठेवायचा. त्याला चार्ट म्हणतात. इथे मात्र तिचे कान कामी आले. ढोलाच्या कडेवर पडलेली काठी आणि मधोमध पडलेली काठी तिला वेगळी ऐकू यायची, उघड्या झांजेची आणि मिटलेल्या झांजेची तर बातच नको. त्या मंडळींत तिचं नाव कानवाली. लहानपणी धाकट्या भावाने ठेवलेलं. बिस्किटाच्या डब्याचं झाकण त्याने कितीही जपून काढलं तरी हिला दोन खोल्यांपलीकडून कळायचं, म्हणून. कानवालीने तपासला की चार्ट पक्का, असं लोक म्हणायचे, आणि वैतागायचेही, कारण त्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे खोटा ठोका, ड्रमवाल्याने न वाजवलेला, आपण भरीला घातलेला. आणि तो शोधण्यात ही कोणाचीही भीड ठेवायची नाही. लोकांनी रात्रंदिवस खपून केलेल्या चार्टखाली ती एकच ओळ लिहायची. इथे झांज नाही. इथे पाय नाही.

आणि आता पाहुणा. बसची वाट न बघता ती चालत निघाली. रस्त्याच्या कडेला कोणीतरी खोदून ठेवलं होतं, लोखंडी पत्र्यांवरून गाड्या जाताना दुहेरी ठण्ण व्हायचं, पुढचं चाक आणि मागचं चाक. धाकट्याने अशा पत्र्यापाशी उभं राहून ठेका धरला असता. जेवताना चमचा, अभ्यासाला बसला की पेन्सिल, झोपला तरी पायाचा अंगठा. बाबा सुतार. दिवसभर दुकानात ठोकून घरी यायचे आणि हा इथे ठोकत बसलेला असायचा. "दिवसभर मी ठोकतो ते पोटासाठी, तू कशासाठी ठोकतोस?" बाबा विचारायचे. आई म्हणायची, "तुमच्याकडूनच उचललंय त्याने." बाबांना ते आवडायचं की नाही, कळायला मार्ग नव्हता, रंधा मारल्यासारखा चेहरा सपाट करून ते जेवायला बसायचे. पुढे धाकट्याने जुने ड्रम आणले तेव्हा घरामागच्या लाकडाच्या खोलीत ते ठेवू द्यायला मात्र बाबांनी नाही म्हटलं नाही. फळ्यांच्या चळतींमध्ये जागा करून तिघं मित्र वाजवायला बसायचे, एक गाणारा, एक जाड तारांचं गिटार धरणारा, आणि दाराकडे पाठ करून धाकटा. त्या खोलीचं दार खालून फुगलेलं होतं. खांदा लावून ढकलावं लागायचं, मग ते एकदम सुटायचं आणि मागच्या फळ्यांवर आदळायचं. जगाची दारं नीट बसवणाऱ्या माणसाच्या घरचं दार हे असं. ती चहा घेऊन जायची तेव्हा हातात तीन कप आणि खांद्याने दार, अशी कसरत. धाकटा वळायचासुद्धा नाही. वाजवता वाजवता नुसतं म्हणायचा, "ठेव ताई."

बाबांनी घरासाठी एक तीन पायांचं टेबल केलं होतं. चौथा पाय का नाही विचारलं तर म्हणायचे, चार पायांचं डुगतं, जमीन जरा इकडेतिकडे असली की झालं. तीन पायांचं कुठेही ठेवा. धाकट्याने आपल्या तिघांच्या चमूचं नाव ठेवलं तीन पायांचं टेबल. बाबांना ते कधी कळलं नाही, किंवा कळून त्यांनी दाखवलं नाही. त्या चमूची एकच टेप निघाली, एकाच गाण्याची. मग गिटारवाला शिकायला गेला, गाणाऱ्याचं लग्न झालं, आई गेली. आई गेल्यानंतर एका संध्याकाळी जेवताना धाकटा बाबांना म्हणाला, "तुम्ही मला एकदा तरी ऐकलंत का?" भांडायच्या सुरात नव्हे, अगदी खालच्या आवाजात, आणि बाबा म्हणाले, "ऐकायला काय आत यायला पाहिजे? भिंतीतून ऐकू येतंच." एवढंच. दुसरं कोणी असतं तर हसण्यावारी नेलं असतं. धाकट्याने ताट उचललं, धुऊन ठेवलं, आणि पुढच्याच महिन्यात लांबच्या शहरातली नोकरी धरली. जाताना ड्रम विकले. आता तो तिला फोन करतो, वाढदिवसाला वगैरे. "बरा आहेस?" "बरा आहे. तू?" "बरी आहे." मग शेवटी, "बाबा?" "ठीक आहेत." एकदा तिने विचारलं, वाजवतोस का रे काही? तर म्हणाला, "कोणाला ऐकवायचंय?" त्या दिवशी तिने कानाला खडा लावला, परत विचारायचं नाही. पण न विचारल्याने वाटायचं थांबत नाही. चांगलं हातपाय धडधाकट असलेलं माणूस, आणि त्याचा ठेका ऐकायला मिळू नये, ही तिला रोजची भूक होती. तो घरात असताना ज्याने डोकं उठायचं त्याच टकटकीसाठी ती आता रिकाम्या स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहायची.

म्हणून तिने ती टेप शोधून काढली. गिटारवाल्याकडे होती, त्याने पाठवली, वर लिहिलं, आवाज फार खराब आहे. खराब होताच. टेपरेकॉर्डर दारापाशी फळ्यांवर ठेवलेला, त्यामुळे ड्रम समोर, गाणं मागे, आणि सगळ्यावर एक घरघर. चार्ट करायला घेतला तेव्हा पहिली अडचण अशी आली की धाकटा घड्याळाबरहुकूम वाजवत नव्हता. यंत्रावर वाजवलेल्या गाण्याला एकदा गती लिहून दिली की रेघा आपोआप जुळतात. इथे प्रत्येक आवर्तनाला गती वेगळी लिहावी लागली. इथे धावला, इथे रेंगाळला, या तुकड्याची त्याला भीती वाटते म्हणून आधीच घाई, हा तुकडा आवडतो म्हणून पाय ओढत. कित्येक संध्याकाळी ती त्याच्या मागे मागे रेघा सरकवत बसली, आणि जो भाऊ फोनवर बरा आहे यापलीकडे काही बोलत नव्हता, तो इथे सगळं बोलत होता. मध्याच्या जरा पुढे एक जड आवाज होता. पायाचा म्हणावा तर पायाच्या पट्टीची ती बारीक कट्ट आधी ऐकू येत नव्हती. रेघेवरही नीट बसत नव्हता, जरा अलीकडे. तिने थांबून पुन्हा ऐकला, पुन्हा. दुसऱ्याचा चार्ट असता तर तिने शंका काढली असती. पण त्याच्या ठोक्यांतला एकसुद्धा वाया जाऊ नये असं तिला झालं होतं. तिने तिथे आडवा नारिंगी पट्टा ठेवला, जवळच्या रेघेवर सरकवून. आणि गंमत म्हणजे त्या जागेपासून पुढे गती लिहावीच लागली नाही. तिथून शेवटपर्यंत धाकटा डुगला नाही. तिला वाटलं, चला, याला लय सापडली. मग गाण्याच्या आधीची बडबड आणि नंतरची घरघर कापून, नीटनेटकं करून, तीन पायांचं टेबल या नावाने तिने ते साइटवर चढवलं. धाकट्याला कळवलं नाही. कशाला उगाच, असं तो म्हणाला असता, आणि तेवढं ऐकायची तिची तयारी नव्हती. त्याला हा खेळ ठाऊक होता की नव्हता, देव जाणे. पण दुकानाबाहेर पाटी लावावी तशी तिने ती पाटी लावली, आणि रोज बघत राहिली, कोणी थांबतंय का.

घराच्या जिन्यात तिने पुन्हा फोन काढला. पाहुण्याने आता खाली लिहिलं होतं. तिथे पाय नाही. तू आली होतीस.

त्याच्याखाली कोणा उपटसुंभाने विचारलं होतं, कोण आली होती, आम्हालाही सांगा, आणि पुढे हसरे चेहरे. तिने जिन्याच्या कठड्याला हात लावला. धाकटा. दुसरं कोण असणार, आपण कुठे वाजवलं आणि कुठे नाही हे इतक्या वर्षांनी त्याच्या पायाला ठाऊक होतं. पट्टा समोरून येत होता तरी पाय उठत नव्हता. तो कुठेतरी, कुठल्यातरी खोलीत, प्लास्टिकच्या थाळ्यांसमोर बसला होता आणि वाजवत होता. सकाळपासून. नोकरीला दांडी मारून की काय! तिला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन उतरत होत्या त्यांनी विचारलं, "काय झालं हो?" "काही नाही, भावाचं पत्र," ती म्हणाली. मग दुसरं वाक्य तिने पुन्हा वाचलं. तू आली होतीस. म्हणजे तो आवाज दाराचा. खांदा लावला, दार सुटलं, फळ्यांवर आदळलं. बरोबर, कट्ट नव्हती ती म्हणूनच. कानवाली कसली, दाराला पाय म्हणून बसलेली. पण कुलपाला किल्ली लावताना तिचा हात थांबला. टेप केली त्या दिवशी मी कधी आले होते?

बाबा आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. तिने कॉम्प्युटर उघडला आणि कानाला हेडफोन लावून मूळची टेप काढली, न कापलेली. आधीची बडबड तिने कापताना ऐकली होती, पण कापायच्या घाईत माणूस नुसतं कापायची जागा ऐकतो. आता ऐकलं. खुर्ची सरकली. गिटारची तार पिळण्याचा आवाज. मग गाणाऱ्याने विचारलं, "काकूंना कधी सोडणार?" आणि धाकटा, कोवळ्या, फुटू घातलेल्या आवाजात, "बघू. ताई आहे तिकडे." मग काठीवर काठी आपटून गाणं सुरू. ताई आहे तिकडे. आईच्या पहिल्या आजारपणात ती परगावच्या हॉस्पिटलात आईच्या खाटेजवळ जमिनीवर झोपत होती, तेव्हाची टेप. घरी दोघंच होते, धाकटा आणि बाबा. तिने गाणं जाऊ दिलं. दार आलं. ते आता इतकं उघड दार होतं की तिला स्वतःची लाज वाटली. त्यानंतर धाकट्याची ती न डुगणारी लय, शेवटपर्यंत, आणि शेवटची झांज. झांज विझत विझत गेली, तिथे तिने कापलं होतं. तिथून पुढे नुसती घरघर, कोणीतरी सुस्कारा टाकला, आणि मग, सगळं संपल्यावर, दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज, आणि कडी. मधे कुठेही दार वाजलं नव्हतं. जो कोणी आत आला होता तो गाणं संपेपर्यंत आतच होता. तिने हेडफोन काढले तरी ती कडी कानात राहिली.

"बाबा, कानातलं घाला."

"हो, खाल्लं मघाशीच."

लोकांचे कान तपासून घरी यायचं आणि घरच्या माणसाने यंत्र खणात ठेवायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. करवतीच्या मशिनीने बाबांचे कान केव्हाच खाल्ले होते. तिने खण उघडून यंत्र काढलं, स्वतःच त्यांच्या कानात बसवलं, आणि समोर स्टूल घेऊन बसली. आई पहिल्यांदा हॉस्पिटलात होती तेव्हा, ती म्हणाली, पोरं मागच्या खोलीत टेप करत होती. तुम्ही आत गेला होतात?

"मी कशाला जातोय?"

"दार वाजलंय त्यात."

"दार खालून घासायचं ते. किती घासतंय बघायला गेलो असेन."

"ते वाजवत असताना?"

"दाराला काय कळतंय, कोण वाजवतंय म्हणून."

"आणि मग गाणं संपेपर्यंत उभे राहिलात?"

बाबांनी तीन पायांच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, गुळगुळीत आहे की नाही बघितल्यासारखा. ते टेबल आता त्यांच्या औषधांचं टेबल झालं होतं. तिला वाटलं, आता म्हणतील, काय? सोयीचं असेल तेव्हा त्यांना अजिबात ऐकू यायचं नाही. पण ते म्हणाले, "त्या टेपरेकॉर्डरचा लाल दिवा लागला होता. दारातच ठेवलेलं. परत दार ओढलं असतं तर परत वाजलं असतं. एकदा वाजलं ते वाजलं. पोरांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं."

"म्हणून थांबलात."

"थांबलो. खोकला येत होता, तोही धरून ठेवला."

"कसं वाजवत होता?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले, आणि मग खिडकीकडे बघत, "हात सरळ होता. खिळा मारताना काही जण उगाच जोर लावतात. हा नव्हता लावत."

"मग त्याला सांगितलं का नाहीत, बाबा? त्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, तेव्हा तरी?"

"त्याची पाठ होती माझ्याकडे," बाबा म्हणाले. "वळला असता तर बोललो असतो." त्यांनी यंत्र कानातून काढून तळहातावर धरलं. "शिट्टी मारतंय हे," असं म्हणून ते तिच्या हातात दिलं, आणि संभाषण तिथे संपलं.

वळला असता तर. ती कॉम्प्युटरपुढे येऊन बसली तरी तिला ती पाठ दिसत होती, घामाने चिकटलेला शर्ट, आणि दारात खोकला धरून उभा असलेला माणूस. पाठीला काहीतरी कळलं होतं, त्याशिवाय लय अशी एकदम सरळ झाली नसती. पण पाठीने ताईचं नाव घेतलं. ताई परगावी आहे हे तो आताच बोलला होता, पण दार आदळलं की ताई आणि चहा ही हाडात मुरलेली सवय, म्हणून बिचारा शहाण्यासारखा वाजवत राहिला. आणि एवढ्या वर्षांत त्या दोघांमध्ये जे काही वाळून कडक झालं ते या एवढ्याशा गोष्टीवर, की एकाने मागे बघितलं नाही आणि दुसऱ्याने हाक मारली नाही. तिला दोघांचाही मनापासून राग आला. मग तिने कापलेलं सगळं परत जोडलं, गाण्याआधीची बडबड आधी, नंतरची घरघर आणि कडी नंतर. राहिला तो नारिंगी पट्टा. तो तिने निवडला, तो पडद्यावर उजळला, आणि तिचं बोट पुसायच्या बटणावर जाऊन थांबलं. नियम तर तीच लोकांना शिकवत आली होती. ड्रमवाल्याने वाजवलं तेवढंच. पण पुसला तर तिथे रिकामा रस्ता राहणार, वाजवणारे सगळे त्या जागेवरून तसेच पुढे जाणार, जसा तो गेला होता. तिने बोट उचललं. पट्टा रेघेवर सरकवलेला होता तेवढा मात्र तिने मागे घेतला, दार जिथे खरंच वाजलं होतं तिथे, रेघेच्या जरा अलीकडे. काय बदललं असं साइटने विचारलं तेव्हा तिने लिहिलं, मी आले नव्हते. कापलेलं जोडलंय, पहिल्यापासून ऐक, आणि शेवटी उठू नकोस.

त्यानंतर कितीतरी दिवस काही झालं नाही. कोणीतरी लिहिलं की नव्या चार्टात एक खोटा ठोका आहे, तोही रेघेबाहेर, कानवालीने चष्मा लावावा. दुसऱ्याने लिहिलं, कानवाली गेली कामातून. तिने पट्टा होता तिथेच ठेवला. क्लिनिकमध्ये काचेमागे माणसं डोळे मिटून बसायची, ती सूर सोडायची, दिवा लागायचा, लागायचा नाही. फोन वाजला की तिचा हात खिशात जायचा आणि तो कुठल्यातरी कंपनीचा असायचा. आपण नको त्यात पडलो असं तिला वाटू लागलं. ऐकून त्याला काय वाटलं असेल? की त्याने उघडलंच नसेल? धाकट्याचा स्वभाव तिला माहीत होता, ताट धुऊन ठेवणाराच तो. फोन तिने स्वतः एकदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. बाबा विचारायचे, "काय गं, सारखं त्या फोनात काय बघतेस?" आणि ती म्हणायची, "काही नाही," आणि बाबा म्हणायचे, "काय?" असं चाललं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा टेबलाशी बसून एका मोडक्या खुंटीला घासकागद मारत होते. ऊन लाकडी जमिनीवर त्यांच्या पायापर्यंत आलं होतं. तिने चहा त्यांच्यापुढे ठेवला, आपला घेतला, आणि सवयीने फोन उघडला. पाहुणा आला होता. एकदाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवे ठिपके. तिने त्या जागेवर बोट ठेवून मोठं करून पाहिलं. हिरवा. रेघेच्या अलीकडे, जिथे कुठल्याही शहाण्या ड्रमवाल्याचा पाय पडणार नाही, तिथे त्याने पाय दिला होता. आणि वाजवायला काहीच नसलेल्या त्या शेवटच्या घरघरीतूनही तो उठून गेला नव्हता. मधेच गाणं बंद केलं की साइट तसं दाखवते. कडी लागेपर्यंत तो बसून राहिला होता. खाली काही लिहिलेलं नव्हतं. तिने कानाला हेडफोन लावले आणि गाणं सुरू केलं, खुर्ची सरकली, ताई आहे तिकडे, काठीवर काठी. तिच्या हाताला कधी ठेका सापडला नव्हता, पायाला तर नाहीच, पण या एका जागेची वाट बघायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती जागा आली तेव्हा तिचा पाय जमिनीवर जोरात पडला, टेबल हललं, कपातला चहा बशीत सांडला. बाबांच्या हातातला घासकागद थांबला. त्यांना आवाज आला नव्हता, तो जमिनीतून पायात आला होता. त्यांनी मान वर केली आणि दाराकडे पाहिलं.

"कोण आलं गं?" ते म्हणाले, आणि खुर्चीचे हात धरून उठू लागले.